चार खुर्च्या आणि एक ऑटोक्लेव्ह: मोफत दंतसेवा केंद्राच्या कामाच्या नोंदी

ज्यांना दातांचे उपचार परवडत नाहीत अशा लोकांसाठी स्वयंसेवकांनी चालवायचे केंद्र उभे करताना ठेवलेल्या या नोंदी आहेत. मी दंतवैद्य नाही. नोंदणी, साहित्य आणि निर्जंतुकीकरण ही कामे माझ्याकडे आहेत, त्यामुळे उपचार कसे करावेत हे येथे कोणी शोधू नये. असे काम हाती घेणाऱ्या इतरांचा वेळ वाचावा म्हणून त्या फारशी काटछाट न करता ठेवल्या आहेत.

८ जानेवारी

पहिली बैठक झाली. चार दंतवैद्यांनी एक रविवार सोडून एक रविवार, सकाळचे चार तास देण्याचे कबूल केले आहे. बैठकीतला बहुतेक वेळ कोणते उपचार करायचे नाहीत हे ठरवण्यात गेला आणि तो सत्कारणी लागला असे मला वाटते. ठरलेला नियम असा की, जे काम एका बैठकीत पुरे होते तेवढेच येथे करायचे: तपासणी, दात काढणे, ग्लास आयोनोमर सिमेंटने दात भरणे, दात साफ करणे आणि मुलांच्या दातांना फ्लोराइड लावणे. रूट कॅनल करायचे नाही. त्याला क्ष-किरण चित्र लागते, अनेकदा एकाहून अधिक भेटी लागतात, आणि दाढ असेल तर वर कॅप बसवल्याशिवाय ती पुढेमागे तुटण्याची भीती राहते. अर्धवट राहिलेले रूट कॅनल घेऊन जाणाऱ्या माणसाला आपण मदत केली असे म्हणता येणार नाही.

यावर एका डॉक्टरांनी आक्षेप घेतला. विशीतल्या मुलीचा पुढचा दात केवळ तिच्याकडे पैसे नाहीत म्हणून उपटून टाकायचा का, असे त्यांनी विचारले. आक्षेप रास्त आहे. पुढचे दात बहुधा एका मुळाचे असतात आणि ते वाचवणे दाढेच्या मानाने सोपे असते. असे रुग्ण दंत महाविद्यालयात पाठवायचे, मात्र नुसती चिठ्ठी हातात न देता तिथल्या भेटीची वेळ आपणच फोन करून ठरवून द्यायची, असे ठरले.

२२ जानेवारी

एका देणगीदाराने विजेवर चालणारी संपूर्ण डेंटल चेअर देऊ केली. ती नाकारताना सर्वांच्याच जिवावर आले. पण आमची जागा उसनी आहे, खुर्चीला पाण्याची जोडणी आणि सांडपाण्याचा निचरा लागतो, आणि तिचे वजन इतके की दर सत्रानंतर हलवण्याचा प्रश्नच नाही. आम्ही त्याच रकमेत डोके टेकवता येणाऱ्या घडीच्या चार खुर्च्या, कपाळावर बांधायचे दिवे आणि हत्यारांचे जादा संच मागितले.

देणगीदारांना हे पटवणे सोपे नव्हते, कारण खुर्चीवर नावाची पाटी लावता येते, दात काढायच्या फोर्सेपवर (चिमट्यावर) लावता येत नाही. शेवटी दोन गोष्टी उपयोगी पडल्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली अत्यावश्यक औषधांच्या यादीत ग्लास आयोनोमर सिमेंट, सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड (दाताची कीड थांबवणारे औषध) आणि फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट यांचा समावेश केला, हे त्यांना दाखवले. यांतल्या एकालाही विजेची खुर्ची लागत नाही. दुसरे म्हणजे केवळ हातातल्या हत्यारांनी कीड काढून सिमेंट भरण्याची जी पद्धत आम्ही वापरणार आहोत, ती १९८०च्या दशकाच्या मध्यात टांझानियात विकसित झाली, जिथे वीज आणि यंत्रे यांच्या भरवशावर काम चालवणे शक्यच नव्हते. हे ऐकल्यावर त्यांनी मान्यता दिली.

जुनी हत्यारेही बरीच मिळाली. त्यांतली अनेक बाजूला काढावी लागली. फोर्सेपच्या बिजागरीत गंज असेल तर तो वरवर घासून जात नाही, आणि अशी हत्यारे इतरांसोबत वाफेत ठेवली तर चांगल्या हत्यारांवरही डाग धरतो.

५ फेब्रुवारी

हे काम सर्वांत आधी करायला हवे, म्हणून ठळकपणे लिहून ठेवते. वापरलेली हत्यारे धुणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी ची लस झालेली असली पाहिजे. तिचे तीन डोस असतात: पहिला, त्यानंतर एका महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा. तिसऱ्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी रक्त तपासून प्रतिपिंडे पुरेशी तयार झाली का हे पाहायचे असते. लस न घेतलेल्या माणसाला बाधित रक्ताची सुई टोचली तर हिपॅटायटिस बी होण्याचा धोका ६ ते ३० टक्के असतो; एचआयव्हीच्या बाबतीत हाच धोका सुमारे ०.३ टक्के आहे. बहुतेकांना भीती दुसऱ्याची वाटते आणि दुर्लक्ष पहिल्याकडे होते.

आमच्या स्वयंसेवकांपैकी पूर्ण लस झालेले फारच थोडे निघाले आणि त्यांतले बहुतेक डॉक्टरच. बाकीच्यांनी आज पहिला डोस घेतला. तिन्ही डोस आणि रक्ततपासणी पूर्ण होईपर्यंत त्यांनी नोंदणी, रांग आणि औषधवाटप सांभाळायचे; धुण्याच्या टेबलापाशी किंवा सुयांच्या डब्यापाशी जायचे नाही. म्हणजे ज्या टेबलावर सर्वाधिक हात लागणार, तिथेच हात कमी.

१९ फेब्रुवारी

रुग्णांविना रंगीत तालीम केली. ऑटोक्लेव्ह म्हणजे दाबाखालच्या वाफेने हत्यारे निर्जंतुक करणारे यंत्र; त्याचा हीटर २ किलोवॉटचा आहे आणि कॉम्प्रेसर एक अश्वशक्तीचा. दोन्ही एकाच सर्किटवर होते. ऑटोक्लेव्ह चालू असताना कॉम्प्रेसर सुरू केला की त्याची मोटर पहिल्या क्षणी नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढते, आणि खटका पडून सगळा हॉल अंधारात. खटका दोन-तीनदा पडल्यावर इलेक्ट्रिशियनला बोलावले. त्याने आधी एक्स्टेन्शन बोर्डाची वायर हातात घेऊन पाहिली. ती गुंडाळी करून ठेवलेली होती आणि चांगलीच तापली होती. गुंडाळलेल्या वायरीतली उष्णता बाहेर पडत नाही, म्हणून जड उपकरणासाठी ती पूर्ण उलगडलेलीच हवी, हे त्याने सांगितले. आता ऑटोक्लेव्ह थेट भिंतीतल्या जाड सॉकेटवर आणि कॉम्प्रेसर दुसऱ्या खोलीतल्या वेगळ्या सर्किटवर आहे. लांब नळीमुळे हवेचा दाब किंचित कमी पडतो, पण कॉम्प्रेसरचा आवाज दूर गेल्यामुळे रुग्णांशी बोलता येते.

५ मार्च

पहिले सत्र. सकाळी नऊला चारही खुर्च्या भरल्या आणि साडेदहाला चारही डॉक्टर हात बांधून बसले होते. निर्जंतुक हत्यारे संपली होती.

ऑटोक्लेव्हबद्दल आम्हाला सांगितले गेले होते की १२१ अंश सेल्सिअसला १५ मिनिटे पुरतात. पाकिटात बंद केलेल्या हत्यारांसाठी आमच्यासारख्या साध्या, आतली हवा खेचून न काढणाऱ्या यंत्रात त्या तापमानाला ३० मिनिटे धरावी लागतात. ही ३० मिनिटेही तापमान गाठल्यानंतर मोजायची असतात. गाठायलाच वीस-पंचवीस मिनिटे जातात. मग वाफ सोडायची आणि पाकिटे सुकू द्यायची, त्याला आणखी अर्धा तास. त्याच्या आधी हत्यारे भिजवणे, घासणे, खळबळणे, पुसणे आणि पाकिटात भरणे आहेच. नऊ वाजता तोंडात गेलेले हत्यार सव्वाअकराच्या आधी पुन्हा हाताशी येत नाही, आणि आमचे सत्र एक वाजता संपते.

त्यात खालच्या दाढांचे फोर्सेप सर्वांत आधी संपले. कायमची पहिली दाढ साधारण सहाव्या वर्षी येते, बहुतेक घरांत ती दुधाची समजली जाते, आणि त्यामुळे किडण्यात तिचाच नंबर पहिला. आमच्या प्रत्येक संचात मात्र सर्व प्रकारचे फोर्सेप एकेक ठेवलेले होते. खालची दाढ काढायला संच उघडला की वरच्या दातांचे न वापरलेले फोर्सेपही पाकीट फुटल्यामुळे बाद व्हायचे आणि पुन्हा धुण्याच्या टेबलावर जायचे.

कोणीतरी सुचवले की निदान तपासणीचे आरसे जंतुनाशकात बुडवून चालवू. डॉक्टरांनी ठाम नकार दिला आणि उरलेल्या लोकांना पुढच्या सत्राची टोकने देऊन परत पाठवले. दूरवरून आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने परत पाठवणे फार जड जाते.

७ मार्च

रविवारचा हिशेब मांडला. दात काढण्याच्या दोन खुर्च्या भूल देऊन थांबण्याचा वेळ धरून तासाला प्रत्येकी तीन, म्हणजे एकूण सहा माणसे पाहतात. यंत्रात एका वेळी आठ पाकिटे मावतात आणि एका फेरीला दीड तास लागतो. दीड तासात नऊ पाकिटे लागणार आणि आठ मिळणार, हे जवळपास जमण्यासारखे वाटते. पण त्यात तपासणीच्या, भरण्याच्या आणि साफ करण्याच्या हत्यारांचा हिशेबच नाही. पाचवा डॉक्टर मिळाला असता तर हत्यारे आणखी लवकर संपली असती, एवढेच.

त्यामुळे सगळी पद्धत उलटी केली. सत्राच्या दिवशी निर्जंतुकीकरण करायचेच नाही. आदल्या आठवड्यात दोन संध्याकाळी यंत्र निवांत चालवायचे, आणि रविवारी सकाळी कपाटात जितकी कोरडी, तारीख घातलेली पाकिटे असतील तितकीच टोकने वाटायची. टोकनांचा आकडा डॉक्टरांच्या संख्येवरून ठरवायचा नाही. रविवारी हत्यारे फक्त भिजवून आणि धुऊन ठेवायची.

संचही मोडले. आरसा, प्रोब (दात चाचपायची टोकदार सळई) आणि चिमटी यांचे एक छोटे पाकीट सर्वांसाठी. एलिव्हेटर, म्हणजे दात सैल करायचे हत्यार, वेगळ्या पाकिटात. आणि प्रत्येक फोर्सेप स्वतंत्र पाकिटात. तपासणीच्या टेबलावर डॉक्टर दाताचा क्रमांक लिहितात, त्यावरून कोणता फोर्सेप द्यायचा हे ठरते. वरच्या दाढांचे डावे आणि उजवे फोर्सेप वेगळे असतात: फोर्सेपच्या ज्या जबड्याला टोक असते तो गालाकडे यायला हवा, कारण वरच्या दाढेची दोन मुळे गालाच्या बाजूला असतात आणि ते टोक त्यांच्या बेचक्यात बसते. हे माहीत नसलेला स्वयंसेवक चुकीचे पाकीट फोडतो आणि ते वाया जाते. पाकिटांवर आता निळी आणि लाल पट्टी आहे.

१९ मार्च

टोकने कमी वाटली, कोणीही परत गेले नाही, डॉक्टर एकदाही थांबले नाहीत. पहिल्या सत्रापेक्षा जास्त माणसे पाहून झाली.

२९ मार्च

आठवड्यातल्या फेरीतली बरीच पाकिटे ओली निघाली. ओला कागद जंतू आत शोषून घेतो, त्यामुळे असे पाकीट आत कितीही स्वच्छ असले तरी बाद. कारण शोधताना सापडले की घाईत पाकिटे एकावर एक आडवी रचली होती. आता ती तारेच्या स्टँडवर उभी, एकाचा कागद दुसऱ्याच्या प्लॅस्टिककडे येईल अशी ठेवतो, आठऐवजी सहाच घालतो, आणि वाफ सोडल्यावर झाकण बोटभर उघडे ठेवून अर्धा तास हात लावत नाही. फोर्सेप आणि कात्र्या उघड्या स्थितीतच पाकिटात घालायच्या, नाहीतर बिजागरीत वाफ पोहोचत नाही. यंत्रात नळाचे पाणी घालणेही बंद केले. हीटरवर पांढरा थर धरू लागला होता. आसुत पाणी विकत घ्यावे लागते, पण हीटर बदलण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

खर्चाबाबत येथेच नमूद करते. भुलीची इंजेक्शने आणि सिमेंट महाग पडतील अशी सर्वांची समजूत होती. प्रत्यक्षात हातमोजे, मास्क, पाकिटे, गॉझ आणि सुयांचे डबे यांवर त्यांच्यापेक्षा अधिक खर्च होतो, आणि देणगी मागताना या वस्तूंचे नाव कोणी घेत नाही.

२ एप्रिल

नोंदणीचा अर्ज बदलला. “कोणती औषधे चालू आहेत?” या प्रश्नाला बहुतेक जण “काही नाही” म्हणतात. एका आजोबांनीही तसेच सांगितले. दात काढायला बसल्यावर त्यांच्या खिशातून गोळ्यांची पाकिटे निघाली आणि त्यांत रक्त पातळ करणारी गोळी होती. “ती तर हृदयाची आहे, दाताचा काय संबंध?” असे त्यांचे म्हणणे, आणि त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच होते. डॉक्टरांनी गोळी बंद करायला न सांगता रक्ताचा अहवाल मागवला आणि पुढच्या वेळी त्यांना सकाळी पहिले बोलावले, म्हणजे रक्तस्राव रेंगाळला तर दिवस हाताशी असतो. आता टोकन देतानाच सांगतो की घरातली सगळी औषधे पिशवीत घालून आणा. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून दिलेली गोळी किंवा इंजेक्शन याबद्दल स्वतंत्र प्रश्न आहे, कारण त्यांतल्या काही औषधांमुळे दात काढल्यावर जबड्याचे हाड भरून येत नाही.

रक्तदाब प्रत्येकाचा मोजतो. तो १८०/११० किंवा त्याहून अधिक आला तर थोड्या विश्रांतीनंतर पुन्हा मोजायचा, आणि तरीही तितकाच असेल तर त्या दिवशी दात काढायचा नाही. मुलांसाठी वजनकाटा आणला. लिग्नोकेन या भुलीच्या औषधाची मात्रा लहान मुलांत किलोमागे ४.४ मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये असा आमच्या डॉक्टरांचा दंडक आहे. १५ किलोच्या मुलाला ती ६६ मिलिग्रॅम होते, आणि २ टक्के द्रावणाच्या १.८ मिलिलीटरच्या एका कार्ट्रिजमध्येच (तयार भरलेल्या नळीत) ३६ मिलिग्रॅम असते. दोन कार्ट्रिजही पूर्ण देता येत नाहीत. आईने अंदाजाने सांगितलेले वजन येथे चालत नाही.

१६ एप्रिल

गाल सुजलेला एक माणूस रांगेत शेवटून दुसरा होता. भूल दिली, पुन्हा दिली, तरी दाढेला स्पर्श करताच तो कळवळत होता. पू झालेल्या जागी ऊतक आम्लधर्मी होते आणि तिथे भुलीचे औषध नीट काम करत नाही. डॉक्टरांनी पुवापासून दूर, जबड्याच्या मागच्या नसेपाशी भूल दिली, तिचा अंमल चढेपर्यंत थांबले, आणि दाढ काढताच पुवाला वाट मिळाली. या सगळ्याला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला आणि सत्र लांबले.

यावरून रांगेचा नियम बदलला: ज्यांना सूज आहे त्यांना आधी घ्यायचे, टोकन कितवेही असो. तोंड उघडत नाही, गिळता येत नाही, सूज जबड्याखाली मानेकडे उतरली आहे किंवा सोबत ताप आहे, असे दिसले तर खुर्चीवर बसवायचेच नाही आणि थेट रुग्णालयात पाठवायचे. अशा सुजेने श्वास कोंडू शकतो. ही लक्षणे दारावरच्या स्वयंसेवकाला तोंडपाठ हवीत.

याला जोडूनच सांगायचे म्हणजे, “डॉक्टर, दाढ राहू द्या, नुसत्या अँटिबायोटिक गोळ्या द्या” ही मागणी फार होते. डॉक्टर ती मान्य करत नाहीत. सूज किंवा ताप नसताना दुखणाऱ्या दाढेवर त्या गोळ्यांचा उपयोग नसतो आणि मूळ कारण तसेच राहते. दुखण्यासाठी, चालत असेल त्यांना, आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र दिले जाते. यावर रांगेत वाद होतात.

३ मे

तिसऱ्या दिवसाचा फोन सुरू केला. दात काढल्यावर खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघून गेली तर दोन ते चार दिवसांनी हाड उघडे पडून कानापर्यंत कळा जातात. याला ड्राय सॉकेट म्हणतात. आमचे केंद्र दोन आठवड्यांतून एकदा उघडते, म्हणजे नेमक्या त्या दिवसांत तिथे कोणीच नसते. एका बाईंनी ते चार दिवस कसे काढले हे पुढच्या सत्राला येऊन सांगितले. त्यांना वाटले होते की फुकटचे काम असेच असते.

आता दात काढलेल्या प्रत्येकाला बुधवारी फोन जातो, आणि चौघांपैकी ज्या डॉक्टरांची पाळी असेल ते त्या आठवड्यात आपल्या दवाखान्यात असे रुग्ण पाहतात. फोनवर तीनच प्रश्न असतात: दुखणे कमी होते आहे की वाढते आहे, रक्त येते का, तोंड उघडते का. सूचनांचा छापील कागद बहुतेक जण घडी करून खिशात ठेवतात, त्यामुळे गॉझ अर्धा तास घट्ट चावून धरायचा, २४ तास चूळ भरायची नाही आणि धूम्रपान करायचे नाही, हे समोर बसवून त्यांच्याच तोंडून वदवून घेतो.

२८ मे

भरलेले दात निखळल्याच्या तक्रारी आल्या. नोंदवही चाळल्यावर दोन गोष्टी दिसल्या. एकाच पृष्ठभागावरचे, म्हणजे दाढेच्या माथ्यावरचे सिमेंट चांगले टिकले आहे. दोन दातांच्या मधल्या बाजूला उतरणारे मोठे खड्डे मात्र पुन्हा पुन्हा उघडे पडतात. या पद्धतीची ती मर्यादाच आहे, आणि डॉक्टरांनी आता असे रुग्ण महाविद्यालयात पाठवायचे ठरवले आहे.

दुसरे कारण आमच्या टेबलावरचे निघाले. सिमेंटची पूड आणि द्रव ज्या प्रमाणात घ्यायला सांगितले आहे, ते मिसळणारा स्वयंसेवक सैल मिश्रण बरे म्हणून द्रवाचा थेंब वाढवत होता. पातळ सिमेंट भरायला सोपे आणि टिकायला कच्चे. शिवाय बाटली तिरकी धरली की थेंबाबरोबर हवेचा बुडबुडा येतो आणि थेंब लहान पडतो, म्हणून ती सरळ उभी उलटी धरायची. मिश्रणावर ओली चमक असतानाच ते दातात गेले पाहिजे. चमक गेली की ते चिकटत नाही, फेकून द्यावे. हातमोजा घातलेल्या बोटाला पेट्रोलियम जेली लावून दाबायचे आणि तासभर काही खाऊ द्यायचे नाही.

११ जून

मुलांच्या किडलेल्या दुधाच्या दातांना ३८ टक्के सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड लावायला सुरुवात केली. सुई नाही, यंत्र नाही, दात कोरडा करून ब्रशने थेंब लावायचा आणि मिनिटभर थांबायचे. कीड बहुतेक वेळा थांबते. मात्र किडलेला भाग कायमचा काळा होतो. हे तोंडी सांगून भागत नाही. “थोडे काळे होईल” हे शब्द ऐकून होकार देणारी आई आठवड्याने मुलाचे पुढचे काळे दात पाहून रडवेली होते. आता आधीचे आणि नंतरचे छायाचित्र शेजारी ठेवून दाखवतो आणि मगच सही घेतो. काही पालक पुढच्या दातांना नको आणि दाढांना चालेल म्हणतात. तसे करता येते. सहा महिन्यांनी पुन्हा लावावे लागते, म्हणून त्या मुलांची वेगळी यादी केली आहे.

ओठांना जेली लावायला विसरलात तर त्वचेवरचा डाग एक-दोन आठवड्यांत जातो. टेबलावर सांडलेला जात नाही, हे आमच्या उसन्या हॉलच्या मालकांना सांगावे लागले.

५ जुलै

रविवारचे सत्र रद्द केले आहे.

पाकिटावरची उष्णतादर्शक पट्टी रंग बदलते ती फक्त उष्णता लागल्याची खूण असते. जंतू मेल्याचा पुरावा जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या जिवाणूचे बीजाणू असलेल्या कुपीवरून मिळतो. ही कुपी हत्यारांबरोबर यंत्रात ठेवायची आणि नंतर उबवून पाहायची. बीजाणू वाढले तर फेरी अपुरी पडली. पूर्वी आम्ही ही चाचणी सत्राच्या आदल्या रात्री लावत असू, आणि निकाल येईपर्यंत हत्यारे वापरून झालेली असत. ती आठवड्याच्या पहिल्या फेरीत, सोमवारी लावायची असे गेल्याच महिन्यात ठरले, आणि आज कुपीचा रंग बदललेला निघाला, म्हणजे बीजाणू वाढले होते. पट्ट्या मात्र सगळ्या व्यवस्थित काळ्या झाल्या होत्या.

झाकणाचे रबरी सील एका बाजूला कडक होऊन चिरले होते. वाफ बारीक सुटत होती, पण दाबाचा काटा नेहमीच्या जागी दिसत होता. सील मागवले आहे, यायला दिवस लागतील. कपाटातली सोमवारची सर्व पाकिटे फोडली. त्याआधीच्या चाचणीपर्यंतच्या पाकिटांतली जी उरली होती तीही फोडली. टोकन दिलेल्या प्रत्येकाला फोन करून कारण सांगितले; “यंत्र बिघडले” एवढेच सांगावे असे एक मत होते, पण खरे कारण सांगितल्यावर फारसे कोणी रागावले नाही. सूज असलेल्यांना डॉक्टरांनी आपापल्या दवाखान्यात बोलावले.

२३ जुलै

नवे सील बसवून दोन चाचण्या लागोपाठ उत्तीर्ण झाल्यावरच सत्र घेतले. जादा सील कपाटात ठेवले आहे. दुसरे छोटे ऑटोक्लेव्ह घेण्यासाठी देणगी मागितली आहे, आणि या वेळी देणगीदारांनी खुर्चीचा विषय काढला नाही.

२० ऑगस्ट

कवळी देता येईल का, हा प्रश्न दर सत्राला येतो. ज्यांचे दात आम्हीच काढले त्यांनी विचारणे स्वाभाविक आहे. डॉक्टरांनी मोजून दाखवले: प्राथमिक माप, अंतिम माप, जबड्यांची ठेवण, मेणातली चाचणी, कवळी देणे आणि मग टोचणाऱ्या जागा घासण्याच्या भेटी. दोन आठवड्यांतून एकदा उघडणाऱ्या केंद्रात याला अडीच-तीन महिने लागतात, आणि दात काढल्यावर हिरडी व हाड बसायलाही काही महिने द्यावे लागतात. तरी प्रयोग म्हणून मोजक्या लोकांची मापे घेतली. अल्जिनेटचे (माप घ्यायच्या लगद्याचे) माप तसेच ठेवले की त्यातले पाणी उडून ते आकसते, म्हणून प्लास्टर लगेच ओतावे लागते. आमच्याकडे ते काम करणारा माणूस दोन खुर्च्यांमध्ये धावत होता आणि काही मापे पुन्हा घ्यावी लागली. कवळीसाठी वेगळे सत्र असल्याशिवाय नवी नावे घ्यायची नाहीत असे ठरले आहे. घेतलेली कामे पुरी करायची.

३ सप्टेंबर

फेब्रुवारीत लस सुरू केलेल्या स्वयंसेवकांचा तिसरा डोस गेल्या महिन्यात झाला. रक्ततपासणी या महिन्याअखेरीस आहे, आणि तिचा निकाल येईपर्यंत धुण्याच्या टेबलावर तेच जुने हात राहतील. दुसरे ऑटोक्लेव्ह आले आहे; त्याची बीजाणू चाचणी उद्या सोमवारी लावायची आहे. ती उत्तीर्ण झाली तरी टोकने वाढवायची नाहीत, कारण पाकिटे वाढली तरी धुणारे वाढलेले नाहीत. ऑक्टोबरपासून प्रत्येक खुर्चीमागे एक फोर्सेप संच वाढवायचा प्रस्ताव आहे. खालच्या दाढांचे फोर्सेप त्यात दुप्पट मागवायचे, आणि वरच्या डाव्या-उजव्यांच्या पट्ट्या उकडून फिक्या पडल्या आहेत त्या बदलायच्या.